मधल्या दारातला पांढरा दगड

दचकू नका. आत येताना ज्याला ठेचाळलात, तो दाराच्या पायाशी पडलेला पांढुरका दगड, तो मीच बोलतोय. मी फारसा बोलका नाही. पण उद्या हे घर पाडायला माणसं येणार आहेत, आणि अल ऐनच्या वाळूत एकदा मिसळलो की माझ्यासारख्या परक्या दगडाला कोण विचारणार? म्हणून म्हटलं, जे पाहिलं ते सांगून टाकावं.

माझा जन्म इथला नाही. फार लांब, आयर्लंडच्या किनाऱ्यावर डोनेगल म्हणून भाग आहे, तिथल्या एका उंच कड्यावरचा मी. वारा, पाऊस आणि मेंढ्या, याशिवाय तिथे काही नव्हतं. किती वर्षं तिथे पडून होतो ते विचारू नका, दगडाचा वाढदिवस कोणी करत नाही.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. आयरिश लोक मोठे मजेशीर. सगळं जग ज्याला महायुद्ध म्हणत होतं, त्याला ते नुसती 'आणीबाणी' म्हणत. त्यांच्या सरकारने ठरवलं होतं, या भांडणात आपण कोणाच्याच बाजूने पडायचं नाही. शेकडो वर्षं इंग्रजांच्या हुकमतीत काढून ते नुकते कुठे मोकळे झाले होते. आता त्याच इंग्रजांसाठी मरायला का जायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि तो तुम्हाला फोड करून सांगायला नको.

पण वरून जाणाऱ्या विमानाला काय कळणार, खाली कोणाचा देश आहे? म्हणून किनाऱ्यावरच्या कड्यांवर दगड मांडून देशाचं नाव लिहायचं ठरलं. फिंटन नावाचा एक तरुण तिथल्या चौकीवर पहाऱ्याला होता. समुद्रावर आणि आकाशात काय दिसतं ते टिपायचं, एवढंच त्याचं काम. त्याने मला बांधावरून उचललं, इतर दगडांच्या रांगेत बसवलं आणि वरून चुन्याचे हात दिले. मी कोणत्या अक्षरात होतो हे मला आजवर ठाऊक नाही. पण वरून विमान जायचं तेव्हा माझी छाती फुगायची. आम्ही निर्जीव दगड, आणि आमच्याकडे बघून आग ओकणारी विमानं वळून जायची! त्या काळी मला तटस्थ असण्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

फिंटनला कॉनल नावाचा धाकटा भाऊ होता. तो आयर्लंडच्याच लष्करात होता. एका दुपारी दोघे भाऊ माझ्या शेजारी उभं राहून कडाकडा भांडले. कॉनल म्हणत होता, "हे लोण आपल्या दारात आल्यावर मग उठायचं का?" फिंटन म्हणत होता, "आपल्याला कोणाची बाजू नाही." शेवटी कॉनल आपलं लष्कर सोडून गेला आणि इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन लढला. पुढे लढाई संपली, माणसं मला विसरली. चुना उडाला, गवत वाढलं. कॉनलचं काय झालं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

म्हातारपणी फिंटन काठी टेकत कड्यावर आला, गवतातून मला उकरून घरी घेऊन गेला आणि मुलीच्या, नोराच्या, पुढ्यात ठेवलं. तेव्हा त्याने तिला सांगितलं. कॉनल जिवंत परत आला होता. पण लष्कर सोडून पळालेला म्हणून त्याला सरकारी नोकरी बंद, गावात कोणी दारात उभं करेना. तो भावाच्या दारात आला. आपली टपाल खात्यातली नोकरी जाईल या धास्तीने फिंटन आत गप्प बसून राहिला. कॉनलने दार वाजवलं, थोडं थांबला आणि इंग्लंडला निघून गेला. तिकडेच वारला.

"मला युद्धात तटस्थ राहायला सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला, "भावाच्या बाबतीत नव्हे. मला तेव्हा फरक कळला नाही."

तेव्हापासून माझा तटस्थपणाचा ताठा उतरला.

नोरा सुईण होती. दार आपटू नये म्हणून तिने मला अडण म्हणून वापरायला घेतलं, आणि नव्वदच्या दशकात ती अमिरातीतल्या अल ऐनच्या एका इस्पितळात नोकरीला आली तेव्हा सामानात घालून मला इथे आणलं. विमानाचं सामान वजनावर असतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसं काय काय उचलून नेतात, ते पाहून मी कधीच हात टेकले आहेत.

बापरे, काय ते ऊन! माझ्या अंगात मुरलेला सगळा पाऊस पहिल्या आठवड्यातच वाफ होऊन गेला असावा.

नोराच्या हाताखाली कावेरी नावाची नर्स होती, साताऱ्याकडची. ती, तिचा नवरा धनंजय आणि मुलगी अस्मी या घरात राहत. धनंजय गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर होता. घर म्हणजे एक जुना विला, मध्ये भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केलेली. पलीकडच्या बिऱ्हाडात पाकिस्तानातल्या झेलमचा मुनीर आणि त्याची बायको सुरैय्या. मुनीर कंपनीची पिकअप चालवायचा, अबू धाबीला माल पोहोचवायचा. मधल्या भिंतीत एक दार होतं आणि ते दिवसभर उघडं असायचं. वाळूचा वारा सुटला की मात्र ते धाडकन आपटायचं. नोरा गावी परत जायला निघाली तेव्हा निरोपाचं जेवण इथेच झालं. जेवताना ते दार तीनदा आपटलं. दुसऱ्या दिवशी नोराने मला आणून दारात ठेवलं आणि कावेरीला आणि सुरैय्याला म्हणाली, हा तुम्हा दोघींचा.

माझी इथली सुरुवात झकास झाली. धनंजयचा गाववाला केरू, बांधकामावरचा फोरमन, सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा. चुन्याचे डाग असलेला दगड उंबऱ्याजवळ बघून त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. "कुठला देव म्हणायचा हा, वहिनी?"

"अहो, दाराची अडण आहे ती," कावेरी म्हणाली.

"असू दे. नमस्कार वाया जात नाही."

सुरैय्या हसून लोळायची बाकी राहिली. पण त्यानंतर ईदेला घर धुताना तिने मलाही फडक्याने पुसून काढलं. शारजात क्रिकेटची मॅच असली की दोन्ही बिऱ्हाडं एकाच टीव्हीसमोर बसत, आणि हरणाऱ्याने चहा करायचा असा कायदा होता. मुनीरला चहा करायची चांगलीच सवय झाली असं धनंजय म्हणायचा. मुनीर अर्थातच उलट सांगायचा.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सरता सरता सुरैय्याला दिवस गेले. तिची आई झेलमला, सासू नाही. सुरैय्या कावेरीला बाजी, म्हणजे ताई म्हणायची. कावेरी म्हणाली, "डर मत. मैं हूँ ना. बच्चा मेरे हाथ पे होगा." सातव्या महिन्यात तिने सुरैय्याला हिरवी साडी नेसवून तिचं डोहाळजेवण केलं. असं माझ्या कड्यावर कधी पाहिलं नव्हतं.

आणि नव्व्याण्णवच्या त्याच उन्हाळ्यात कारगिल पेटलं.

कावेरीचा धाकटा भाऊ महादू भारताच्या फौजेत होता, आणि तो तिथेच, वर डोंगरात होता. सुरैय्याचा भाऊ कमरुद्दीन पाकिस्तानच्या फौजेत. तोही वरच होता, पण हे मुनीर कोणाला सांगत नसे. आता टीव्ही दोन झाले. माझ्या एका कानाला हा आणि दुसऱ्या कानाला तो. एकच डोंगर एकाच संध्याकाळी दोघांनीही जिंकलेला मी ऐकला आहे. वर आहे काय, तर बर्फ आणि दगड. माझ्याच जातभाईंसाठी माणसं एकमेकांचे जीव घेत होती, आणि त्या दगडांना कोणी विचारलंही नव्हतं. मला कसंतरीच व्हायचं.

एका संध्याकाळी चहा पिताना धनंजय मुनीरला म्हणाला, "तुम लोगों ने पीछे से घुसके किया."

"हमारी फ़ौज है ही नहीं वहाँ," मुनीर म्हणाला. "वो तो मुजाहिद हैं. खलास."

"मेरा साला वहाँ है. उसपे जो गोली चला रहा है वो कौन है, भूत?"

मुनीरने कप खाली ठेवला आणि उठून गेला. सुरैय्याने कावेरीकडे पाहिलं. कावेरीने मान खाली घातली. त्या रात्रीपासून दार बंद झालं. बंद राहावं म्हणून धनंजयने मला दाराला टेकवून ठेवलं. ज्या कामासाठी मला आणलं त्याच्या बरोब्बर उलट काम माझ्या नशिबी आलं.

दार साधं, पातळ प्लायवूडचं. अलीकडून कावेरी आणि पलीकडून सुरैय्या, काम झालं की दोघीही दाराजवळ येऊन बसत. एकमेकींना ते ठाऊक नव्हतं, मला होतं. कावेरी गावच्या देवीला म्हणायची, "आई, तेवढा परत येऊ दे." पलीकडे सुरैय्या हात पसरून म्हणायची, "या अल्लाह, बस वो लौट आए." एकीचं ऐकलं तर दुसरीचं काय होईल, हे त्या देवांनाच ठाऊक. मी एवढंच सांगतो, डोळे मिटून ऐकलं तर दोघींचा आवाज ओळखू येत नव्हता.

जुलै उजाडला. इस्पितळातून सुट्टीचा दिवस होता, कावेरी घरी होती. सकाळी फोन वाजला. गावाकडून चुलतभावाचा होता. तिने "कधी?" एवढंच विचारलं आणि रिसीव्हर ठेवला. मग भिंतीला धरून खाली बसली. महादू गेला होता.

अस्मी खोलीतून आली. "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. तू आत जा, बाळा."

ती रडलीही नाही. नुसती बसून होती. आणि तेवढ्यात पलीकडून कण्हण्याचा आवाज आला. पहिल्यांदा दबका, मग मोठा. सुरैय्याचे दिवस अजून भरायचे होते. मुनीर अबू धाबीच्या रस्त्यावर. दारावर थाप पडली.

"बाजी." मग पुन्हा. "कावेरीबाजी."

मी दाराला टेकून होतो. खोटं सांगत नाही, मला फिंटन आठवला. त्यालाही दारावरची थाप ऐकू आली होती, आणि तो तर सख्ख्या भावाचा हात होता. इथे तर भाऊ पडला होता आणि थाप पलीकडच्या देशाची होती. कावेरीने ऐकलंच नाही असं दाखवलं असतं तर तिला कोण बोल लावणार होतं? मी तरी लावला नसता. ती उठली नाही. थाप तिसऱ्यांदा पडली.

मग ती उठली. दोन्ही हातांनी मला बाजूला सरकवलं आणि दार उघडलं.

सुरैय्या दारातच कोसळली. कावेरीने तिला तिथेच चटईवर घेतलं, अँब्युलन्सला फोन केला, पाणी, फडकी, सगळं जमवलं. पण बाळाला घाई होती. मी हातभर अंतरावर होतो. "यल्ला, सुरैय्या, ज़ोर लगा. शाबास. और एक बार." आवाज अगदी इस्पितळातला, ठाम. फक्त डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"आप रो क्यों रही हो, बाजी?" सुरैय्याने धापा टाकत विचारलं. "बच्चा ठीक है ना?"

"बच्चा एकदम ठीक है. गर्मी है, दूसरा कुछ नहीं."

मुलगी झाली. कावेरीने तिला उलटं धरून पाठीवर थोपटलं, आणि ती रडली. तिच्या रडण्यात आपलं रडणं मिसळून कावेरी तेव्हा कुठे मोठ्याने रडली. अँब्युलन्स आली, मायलेकींना घेऊन गेली. कावेरीने चटई धुतली आणि मग धनंजयला फोन केला. कड्यावरून मी बोटी बुडताना पाहिल्या आहेत, विमानं पेटून समुद्रात पडताना पाहिली आहेत. पण त्या सकाळी मी जे पाहिलं, त्याने मी आजही थक्क आहे.

दुसऱ्या दिवशी घरात माणसं जमली. ओळखीची मराठी मंडळी सतरंजीवर गप्प बसून होती, केरू होता. चूल पेटवलेली नव्हती. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, तेवढ्यात ते उघडलं आणि मुनीर आत आला. अंगात इस्त्रीचा कुर्ता, हातात लाडवांचा मोठा खोका. रात्रभर इस्पितळात काढून तो थेट मिठाईवाल्याकडे जाऊन आला होता.

"मुबारक हो, धनंजयभाई! बेटी हुई है. सबसे पहले आपका मुँह मीठा..."

खोलीत कोणी हललं नाही. मुनीरचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याला काही उमगेना.

केरू उठला. "आमचं पोर गेलं म्हणून पेढे वाटायला आला का रं?" धनंजयही उठला. त्याचे डोळे लाल होते. तो खाली वाकला आणि त्याने मला उचललं.

इतकी वर्षं माणसांनी मला उचललं, पण असं कोणी उचललं नव्हतं. कोणी बॉम्ब टाकू नये म्हणून मला चुना लावून मांडलं होतं, आणि आज मीच एका माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होतो. धनंजय भला माणूस आहे, पण त्या घटकेला तो काय करील हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

"अहो," आतून कावेरीचा आवाज आला. ती चौकटीत येऊन उभी राहिली. "त्यांना माहीत नाही. मी सांगितलंच नाही."

"कोणाला?"

"सुरैय्याला. फोन आला आणि तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या. त्या वेळी तिला काय सांगू?"

धनंजय तिच्याकडे बघतच राहिला. "फोन आधी आला होता? आणि तू गेलीस?"

ती मुनीरकडे वळली. "मुनीरभाई, मेरा भाई गया. महादू. बेटी हुई उसके थोड़ा पहले ख़बर आई."

मुनीरच्या हातातला खोका हळूच खाली गेला. लाडू झाकले जावेत म्हणून त्याने त्यावर खांद्यावरचा रुमाल टाकला. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला, मग मागे न जाता तिथेच, उंबऱ्याजवळ, जमिनीवर बसला. सगळ्यांसारखी मान खाली घालून. त्याला कोणी बस म्हणालं नाही आणि ऊठही म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने धनंजयने मला खाली ठेवलं. दार पूर्ण उघडून त्याच्या पायाशी ठेवलं, आणि ते मग वाऱ्याने आपटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुरैय्या बाळाला घेऊन घरी आली. तिने घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, बाळंतीण होती. कावेरी सुतकात होती, तिने बाळाला शिवायचं नव्हतं. म्हणून एक उंबऱ्याच्या त्या बाजूला बसली, एक या बाजूला. मध्ये मी. सुरैय्याने पातेलं पुढे सरकवलं. मुगाची खिचडी होती, मुनीरने केलेली, तळाशी चांगलीच करपलेली.

"खा लो, बाजी. मातम के घर में पड़ोसी खिलाते हैं. हमारे यहाँ भी."

कावेरीने दोन घास खाल्ले. मग विचारलं, "तेरे भाई का कुछ पता चला?"

सुरैय्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. कमरुद्दीन सुखरूप असल्याचा निरोप आदल्याच दिवशी आला होता. मुनीर हळू आवाजात सांगत होता ते मी ऐकलं होतं. ही आनंदाची बातमी तिला चोरीच्या मालासारखी लपवावीशी वाटत होती.

कावेरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती पातेल्यातल्या खिचडीकडे बघत राहिली. त्या वेळात तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मला सांगता येणार नाही. मग तिने खिचडीचा आणखी एक घास घेतला.

"चल," ती म्हणाली, "एक तो घर आएगा."

सुरैय्या हमसून हमसून रडली. मी दोघींच्या मध्ये पडून होतो. तटस्थ म्हणून आयुष्य काढलेला मी, मला त्या दिवशी वाटलं की या दोघींना तो शब्द शिकवू नये.

त्यालाही आता चार वर्षं होत आली. मुलीचं नाव मरियम. ती दोन्ही घरांत वाढली आहे. या बाजूला मराठी, त्या बाजूला पंजाबी, आणि शाळेत जाणाऱ्या अस्मीकडून इंग्लिश. मालकाला इथे नवीन इमारत बांधायची आहे, म्हणून मुनीरचं बिऱ्हाड आज अजमानला निघालंय आणि धनंजयचं इथेच दुसऱ्या फ्लॅटमध्ये. अजमान ते अल ऐन म्हणजे काही लांब नाही असं दोघीही सकाळपासून एकमेकींना सांगतायत. माझं काय करायचं हे कोणी ठरवलेलं नाही. कावेरी म्हणते सुरैय्याने न्यावा, सुरैय्या म्हणते बाजीकडे राहू दे. त्या दोघींच्या आग्रहात मी इथेच राहीन असं दिसतंय.

मघाशी भिंतीवरचे फोटो काढून माझ्या शेजारी टेकवून ठेवले होते. या घरातला महादूचा, वर्दीतला, चंदनाचा हार घातलेला. त्या घरातला कमरुद्दीनचा, तोही वर्दीतला. मरियम माझ्यावर बसली होती. सामान उचलायला केरू आला होता. त्याचे केस आता पिकलेत. फोटो उचलायला तो वाकला तशी मरियमने त्याला थांबवलं.

"ये मेरे मामू हैं," तिने महादूवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या फोटोवर. "ये भी मेरे मामू. दोनों फ़ौज में हैं."

केरूने पुढे केलेला हात मागे घेतला.

"एक ही फ़ौज में," मरियम म्हणाली. "साथ में."

केरू तिच्यासमोर उकिडवा बसला. हा माणूस मनात ठेवणारा नाही, हे मला ठाऊक होतं. त्याने दोन्ही फोटो पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"हां, बेटा," तो म्हणाला. "साथ में."

आणि त्याने दोन्ही फोटो एकाच चादरीत, तोंडाला तोंड लावून गुंडाळले.

उद्या यंत्र येईल, मी कुठल्यातरी ढिगाऱ्यात जाईन, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच मागतो. ती पोर तुम्हाला कधी अजमानला भेटली आणि आपल्या दोन मामांची गोष्ट सांगायला लागली, तर तिला एवढ्यात दुरुस्त करू नका.